मदत हवी आहे: ड्राय बाल्कनीत खाऱ्या पाण्याचे दोन पिंप बसवावेत का?

अकरावा_मजला

नमस्कार मंडळी,

ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. हॉलमध्ये चार फुटी, साधारण ३०० लिटरची समुद्री टाकी आहे. दोन क्लाउनफिश, सगळ्यांच्या अंगावर धावणारी एक डॅमसेल, दोन क्लीनर श्रिंप आणि मूठभर शंख. प्रवाळ नाहीत आणि ठेवायचेही नाहीत. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तो वाद कृपया इथे नको.

दर दुसऱ्या रविवारी ४५ लिटर पाणी बदलतो. स्वयंपाकघरातल्या आरओची नळी बादलीत सोडायची, समुद्री टाकीचं पाकिटातलं मीठ कालवायचं, छोटा पंप रात्रभर फिरवायचा आणि सकाळी तीन बादल्या ड्राय बाल्कनीतून हॉलपर्यंत वाहायच्या, असं दोन वर्षं चाललंय. मे महिन्यात कंबर धरली आणि चार दिवस आडवा होतो. तेव्हाच ठरवलं की आता पाणी पाइपाने जायला हवं.

बेत असा: २०० लिटरचे दोन निळे पिंप, लोखंडी अँगलच्या स्टँडवर एकावर एक. वरच्यात आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही डीआय रेझिनने काढलेलं) गोडं पाणी, खालच्यात खारं. वरचा कॉक उघडला की पाणी खाली उतरेल, खाली पंप ते फिरवत राहील, आणि दुसरा कॉक फिरवला की तोच पंप पाणी हॉलमध्ये पोचवेल. परदेशातले लोक गॅरेजमध्ये हेच करतात, व्हिडिओ पाहून पाहून पाठ झालेत.

अडचण पहिली, वजन. ड्राय बाल्कनी चार बाय पाच फूट, त्यातच वॉशिंग मशीन. प्लंबर म्हणतो, "काही होत नाही साहेब." हे तो प्रत्येक गोष्टीला म्हणतो.

दुसरी, गळती. मागच्या महिन्यात ६० लिटरच्या ड्रमात आरओची नळी सोडून झोपलो. सकाळी बाल्कनीत घोटाभर पाणी (जाळीवर मोजा अडकला होता) आणि खालच्या काकूंच्या छताला ओल. पुट्टी आणि रंग माझ्या खर्चाने झाला, काकू चांगल्या आहेत म्हणून निभावलं. पुन्हा हे नको.

तिसरी जरा वेगळी. मीठ कालवल्यावर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण, ६ डीकेएच (तिचं एकक) येते, पाकिटावर ८ ते ९ लिहिलंय. बादलीच्या तळाला पांढरा थर बसतो. मीठ खराब आहे का? खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर ३५ (हजारात ३५ भाग) येतो. आरओचं पाणी मीटरवर ४५ टीडीएस (विरघळलेले क्षार), नळाचं ७०. टँकर आला की नळाचं ५०० च्या वर जातं.

जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

पाणचट_विनोद

घोडबंदरहून समुद्र किती लांब? दोन कॅन घेऊन या की भरून. मीठ फुकट.

अकरावा_मजला

जवळ आहे ती खाडी. त्या पाण्यात मी पायसुद्धा घालणार नाही, श्रिंप काय सोडतोय.

तिरका_खेकडा

विनोद बाजूला ठेवू, पण हे विचारणारे दर धाग्यात असतात म्हणून एकदाच लिहितो. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी, डिझेल आणि गाळ असतो. पावसाळ्यात नद्यांचं पाणी येऊन मिळतं, की खारटपणा ३५ वरून कुठल्या कुठे घसरतो. लांब समुद्रातून पाणी आणण्याची सोय असणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

आता तुमचं. ४५ टीडीएस हे मेंब्रेनचं (आरओतल्या गाळणाऱ्या पडद्याचं) पाणी नव्हेच. नळाला ७० असताना बऱ्या मेंब्रेनमधून ५ च्या आत यायला हवं. घरगुती मशिनमध्ये चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. शिवाय मिनरल कार्ट्रिज. म्हणजे तुम्ही आधी गाळता आणि मग पुन्हा घाण करता. मेकॅनिकला सांगा, मेंब्रेनच्या लगेच पुढे टी टाकून नळी काढ, कंट्रोलर आणि मिनरल दोन्हींच्या आधी. त्या नळीवर डीआय रेझिनचं हाउसिंग. शेवटी मीटरवर ० यायला हवं.

टँकरच्या दिवशी पाणी बनवूच नका. ५०० चं पाणी आलं तर मेंब्रेनमधून १० ते २५ सुटतं आणि रेझिन कितीतरी पट लवकर मरतं. महाग असतं ते.

आणि एक सांगा. बादलीत आधी काय टाकता, मीठ की पाणी?

अकरावा_मजला

आधी मीठ मोजून टाकतो आणि वर आरओची नळी सोडतो. तीन तासांत बादल्या भरतात, तोवर मीठ भिजतं.

तिरका_खेकडा

सापडला चोर. पहिल्या तासात त्या बादलीत समुद्र नसतो, मिठाची चटणी असते. कॅल्शियम आणि कार्बोनेट इतके दाट होतात की एकमेकांना धरून खाली बसतात. तोच तुमचा पांढरा थर, आणि तीच गायब झालेली अल्कलिनिटी. एकदा बसलेला थर नुसतं ढवळून परत विरघळत नाही. मीठ निर्दोष आहे.

आधी सगळं पाणी, पंप चालू, मग मीठ मूठमूठ. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम धरून सुरुवात करा. ४५ लिटरला साधारण १.७ किलो. पाणी गरम करू नका, गरम पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट आणखी लवकर बसतं. ठाण्यात हीटर लागत नाहीच.

रिफ्रॅक्टोमीटर कशावर शून्य करता?

अकरावा_मजला

आरओच्या पाण्यावर. म्हणजे त्याच ४५ वाल्या.

तिरका_खेकडा

४५ ने तिथे काही बिघडत नाही, त्याला ते दिसतही नाही. पण शून्य बरोबर म्हणून ३५ बरोबर, असं नसतं. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर मिठाच्या साध्या द्रावणासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे. स्वयंपाकाचं मीठ ३६.५ ग्रॅम आणि पाणी ९६३.५ ग्रॅम, दोन्ही वजनाने, चांगल्या काट्यावर. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरला ३५ च्या समुद्री पाण्यासारखंच दिसतं. त्यावर ३५ दिसेल असा स्क्रू फिरवा. द्रावण बाटलीत ठेवा, वर मोठ्या अक्षरात लिहा, टाकीत ओतू नका. हसू नका, एकाने ओतलेलं पाहिलंय.

निवृत्त_सिव्हिल

वजनाबद्दल माझ्याकडून.

आपल्याकडच्या आयएस ८७५ भाग २ प्रमाणे घरातल्या खोल्यांना चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, आणि बाल्कनीला ३ किलोन्यूटन, म्हणजे ३०० किलो भार धरतात. हा भार पसरलेला धरलेला असतो. तुमचे दोन भरलेले पिंप, स्टँडसकट, ४३० किलोच्या घरात जातील आणि ते उभे राहणार दोन बाय दोन फुटांत, म्हणजे ०.३७ चौरस मीटरवर. चौरस मीटरला हिशेब केला तर ११०० च्या पुढे. वर चार अँगलच्या चार टोकांवर तोललेलं. फरशी आधी बोलेल.

शिवाय बऱ्याच ड्राय बाल्कन्या कँटिलिव्हर, म्हणजे खाली आधार नसलेल्या, भिंतीतून बाहेर काढलेल्या असतात. तशी असेल तर बाहेरच्या कठड्याला टेकवलेलं वजन सगळ्यात वाईट आणि आतल्या भिंतीला टेकवलेलं त्यातल्या त्यात बरं. तुम्ही पिंप कुठे ठेवणार होता? मला अंदाज आहे.

मला मासे कळत नाहीत. पण १५ दिवसांना ४५ लिटर लागतात असं तुम्हीच लिहिलंय. मग ४०० लिटर कशाला?

अकरावा_मजला

काका, कठड्यालाच.

आणि ४०० कशाला याचं उत्तर खरंच माझ्याकडे नाही. व्हिडिओत होते म्हणून.

मत्स्यगंधा

हाहा, मीही तशीच फसले होते. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर, पण वजनाने नाही, जागेने. महिनाभर कपडे वाळत घालायला जागा नव्हती, सासूबाई बोलल्या नाहीत पण पिंपाकडे बघायच्या.

आता माझ्याकडे गोड्या पाण्याला १०० लिटर आणि खाऱ्याला ६० लिटर, शेजारी शेजारी, एकावर एक नाही. गोडं मोठं कारण बाष्पीभवनाची भरपाई रोज त्यातूनच होते. उन्हाळ्यात पंख्याखाली माझी टाकी दिवसाला तीनेक लिटर पिते. खारं पाणी आदल्या दिवशी कालवते, साठवत नाही. आजारपण किंवा अपघात झाला तर गोडं तयार असतं, मीठ टाकून तासाभरात घाईचं काम भागतं.

ड्रम खाण्याच्या वस्तूंचाच घ्या, तळाला त्रिकोणात २ असलेला. भंगारवाल्याकडचा निळा पिंप स्वस्त मिळतो पण आधी त्यात काय होतं ते तो सांगत नाही, आणि वास गेला म्हणजे रसायन गेलं असं नसतं.

प्लंबरवर नजर ठेवा!! माझ्याकडे त्याने सवयीने पितळी कॉक लावला होता. पितळेत तांबं असतं आणि श्रिंप, शंख तांब्याने मरतात. कॉक, निपल, युनियन सगळं यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक). जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) तुकडाही नको, त्यातून जस्त सुटतं.

तिरका_खेकडा

गळतीचं राहिलं. मशिनचा फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) त्याच्या स्वतःच्या टाकीत असतो. तुम्ही नळी ड्रमात सोडलीत, मशीनला कळणार कसं ड्रम भरला? तासाला १५ लिटर धरा आणि आठ तास झोपा.

ड्रमात यांत्रिक फ्लोट व्हॉल्व्ह बसवा. पण नुसता तो पुरत नाही. तो बंद झाला तरी मशिनचा बूस्टर पंप चालूच राहतो आणि सगळं पाणी वेस्टच्या नळीतून मोरीत जातं. डीआयच्या नळीवर हाय प्रेशर स्विच हवा, दाब चढला की पंप आणि एसव्ही (पाणी अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) दोन्ही बंद. मेकॅनिकला "एचपीएस लाव" म्हटलं की कळतं. शिवाय ड्रमाच्या गळ्याशी ओव्हरफ्लोचा पाइप, थेट जाळीपर्यंत. आणि जाळीवर मोजा नको.

पंपाच्या प्लगला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना? ओली जागा, खारं पाणी. वायर प्लगपाशी येण्याआधी खाली झोका घेऊ द्या, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडेल.

अकरावा_मजला

मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितोय.

आधी लाज वाटणारी बातमी. स्वयंपाकाच्या मिठाच्या द्रावणावर माझा रिफ्रॅक्टोमीटर ३७ दाखवत होता. म्हणजे इतके दिवस मी ३५ समजून ३३ चं पाणी देत होतो. आता पंधरा दिवस बाष्पीभवनाची भरपाई थोडी खाऱ्या पाण्याने करतोय, सावकाश वर येतंय. माशांना पत्ता नाही.

मेंब्रेननंतर टी टाकली. आता मेंब्रेनला ३, डीआयनंतर ०. आधी पाणी मग मीठ केल्यावर अल्कलिनिटी ८.३, बादलीचा तळ स्वच्छ.

ड्रम १०० आणि ६० चे घेतले, आतल्या भिंतीला, खाली प्लायचा जाड तुकडा. एचपीएस लागला. पितळी कॉक प्लंबरने आणलाच होता, परत पाठवला.

शेवटचा प्रश्न: हॉलपर्यंत अंतर २२ फूट, मध्ये तीन कोपरे. पाइप २० मिमी घेऊ की २५? पंप तासाला २००० लिटरचा आहे.

मत्स्यगंधा

२५. आणि कोपऱ्यांना एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड मिळाला तर बघा. हॉलकडच्या टोकाला एक कॉक नक्की ठेवा, नाहीतर पंप बंद केल्यावर पाइपात उरलेलं लिटर-दोन लिटर सोफ्यावर येतं.