स्पॅनिश वाचता येतं, बोलता येत नाही – चार जणांचा ऑनलाइन ग्रुप घ्यावा का?

नदीकाठ: ए१ची, म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी झाली आहे. वर्तमानकाळ, रोजचे हजारेक शब्द आणि साधा भूतकाळ थोडाफार येतो. साधा मजकूर वाचून कळतो, पण समोरच्याने प्रश्न विचारला की वाक्य जुळेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. सहा महिन्यांनी मेक्सिकोतल्या टीमसोबत काम सुरू होईल. संध्याकाळी ७ नंतर वेळ असतो. एक ग्रुप चार जणांचा आहे, दुसरा आठ जणांचा आणि निम्म्या फीचा. कोणता घेऊ? शिक्षक स्पेनचे की लॅटिन अमेरिकेतले? डेमोमध्ये काय बघायचं? घरी काय करायचं तेही सांगा.

पाटीपेन्सिल: फीच्या आधी मिनिटं मोजा. ६० मिनिटांच्या तासात नमस्कार-चमत्कार आणि 'आवाज येतोय का' यात ५ जातात, शिक्षकाच्या समजावण्यात १५. उरली ४०. एकामागून एक बोलायचं तर चार जणांत प्रत्येकी १० मिनिटं, आठ जणांत ५. आता त्यातली २० मिनिटं जोड्या करून वेगळ्या खोल्यांत दिली, तर चारांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकी १५ होतात, आठांच्या ग्रुपमध्ये साडेबारा. फरक फारच कमी झाला. पण शिक्षक एका वेळी एकाच खोलीत असतो. दोन जोड्या असतील तर प्रत्येक जोडीला त्याची १० मिनिटं मिळतात, चार असतील तर ५. चूक दुरुस्त होण्याची शक्यता निम्मी होते, आणि फीही निम्मी आहे ती त्यामुळेच.

म्हणून चारांचाच घ्या. तीन नको; एक जण गैरहजर राहिला की दोघंच उरतात आणि विषय दहा मिनिटांत आटतो.

डेमोवर जाऊ नका, त्या दिवशी शिक्षक तयारीनिशी आलेला असतो. चालू बॅचमध्ये एक तास माइक बंद ठेवून बसू द्या, अशी विनंती करा. बसल्यावर घड्याळ लावून शिक्षक किती वेळ बोलतो ते मोजा. संवादाच्या तासात तो २५ मिनिटांच्या वर गेला, तर तो व्याकरणाचा वर्ग आहे. दुसरं, चूक कशी सुधारतो ते बघा. दर शब्दाला अडवणारा शिक्षक बोलणाऱ्याची जीभ बांधून टाकतो. मजकूर-खिडकीत बरोबर वाक्य लिहून ठेवणारा आणि शेवटी पाच मिनिटं त्यावर बोलणारा शोधा.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या: बॅचमधून कोणी गळालं तर काय करणार? बहुतेक ठिकाणी दोन अर्धवट बॅचेस एकत्र करतात. मग ए१ आणि बी१ (मधली पातळी) एकाच खोलीत येतात, एक बोलत राहतो आणि बाकीचे माना डोलावतात. छोटे ग्रुप मोडतात ते बहुतेक इथेच.

दर्यासारंग: मेक्सिकोच्या टीमसाठी मेक्सिकोचाच शिक्षक घ्या, निदान लॅटिन अमेरिकेतला. वेळही जुळते. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, म्हणजे आपले रात्रीचे ८ तिथे सकाळचे साडेआठ. २०२२ पासून तिथे घड्याळ मागेपुढे करणं बंद झालं (उत्तर सीमेलगतचा पट्टा सोडून), त्यामुळे वेळ वर्षभर तीच राहते. स्पेनचा शिक्षक असेल तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी फरक बदलतो, हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. त्या आठवड्यात अर्धा वर्ग हमखास चुकीच्या वेळी येतो.

स्पेनमध्ये 'तुम्ही सगळे'साठी 'बोसोत्रोस' आणि त्याची वेगळी क्रियापदं आहेत. मेक्सिकोत सगळीकडे 'उस्तेदेस', म्हणजे एक अख्खा रकाना पाठ करायचा वाचला. शब्दही बदलतात: संगणक 'ओर्देनादोर' नाही, 'कोम्पुतादोरा', मोबाइल 'मोबिल' नाही, 'सेलुलार', ऑफिसची मीटिंग म्हणजे 'खुंता'. 'कोखेर' हे क्रियापद स्पेनमध्ये 'घेणे, पकडणे' म्हणून दिवसभर वापरतात, मेक्सिकोत ते अश्लील आहे. तिथे 'तोमार' किंवा 'आगार्रार' म्हणा.

एक तांत्रिक गोष्ट: वायरचा इअरफोन वापरा. लॅपटॉपच्या स्पीकरवर दोघे एकदम बोलले की प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणा एकाचा आवाज दाबते. ब्लूटूथचा माइक चालू झाला की बऱ्याच हेडफोनमध्ये ऐकू येणारा आवाजही खालच्या दर्जाचा होतो आणि 'स', 'फ' सारखेच वाटतात.

अनुस्वार: वाक्य जुळायला वेळ लागतो, कारण ते मराठीतून इंग्रजीत आणि मग स्पॅनिशमध्ये नेलं जातं. मधलं स्टेशन गाळा. बऱ्याच ठिकाणी मराठी जास्त जवळची आहे.

'मला कॉफी आवडते' म्हणजे 'मे गुस्ता एल काफे'. 'मला आंबे आवडतात' म्हणजे 'मे गुस्तान लोस मांगोस'. दोन्ही भाषांत क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे फिरतं. इंग्रजीतून आलेला माणूस इथे महिनाभर अडखळतो. तसाच आपला 'ला': 'पुस्तक शोधतोय' पण 'शिक्षिकेला शोधतोय'. स्पॅनिशमध्येही 'बुस्को एल लिब्रो' पण 'बुस्को आ ला प्रोफेसोरा'. माणूस आला की 'आ' लागतो.

भूतकाळाचे दोन प्रकार इंग्रजीतून समजावताना शिक्षक घामाघूम होतात. 'लहानपणी जायचो' म्हणजे 'इबा', 'काल गेलो' म्हणजे 'फुई'. 'पाऊस पडत होता' हाही पहिल्याच खात्यात, 'योबिया'.

मराठी फसवते ती जागाही लक्षात ठेवा. 'मला भूक लागली', 'मला दोन भाऊ आहेत' इथे 'मे' चालत नाही. दोन्हीकडे 'तेंगो' (माझ्याकडे आहे): 'तेंगो आंब्रे', 'तेंगो दोस एर्मानोस'. शिवाय 'मी पुस्तक वाचलं, पुस्तकं वाचली' असं आपलं क्रियापद वस्तूमागे जातं. स्पॅनिशमध्ये दोन्हीला 'लेई'च. आणि आपल्या एका 'आहे'साठी तिथे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं आहेत. ती मात्र घोटावीच लागतात.

उच्चारात 'त' आणि 'द' आपलेच वापरा: 'तोमाते', टोमॅटोचा 'ट' नको. 'च' चहातला, चमच्यातला नव्हे. 'पेरो' म्हणजे 'पण', तिथे आपला साधा 'र'. 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, तिथे 'भुर्रकन'मधला लांब थरथरणारा र्र. 'भुर्र' म्हणता येतं त्याला हा आवाज येतो, फक्त शब्दाच्या मध्ये बसवायचा आहे.

नदीकाठ: 'भुर्रकन' लगेच जमलं! चारांचाच ग्रुप बघते. पण ग्रुपमध्ये शब्द अडला की इंग्रजीत उडी मारली जाते, त्याचं काय करायचं?

पाटीपेन्सिल: सुटकेची पाच वाक्यं पहिल्याच आठवड्यात तोंडात बसवा. 'कोमो से दीसे…?' (…ला काय म्हणतात?), 'मास देस्पासियो, पोर फाबोर' (जरा हळू), 'नो एन्तेंदी' (कळलं नाही), 'ओ सेआ…' (म्हणजे…), 'आ बेर…' (बघू हं…). शेवटची दोन विचार करायला तीन सेकंद मिळवून देतात आणि तोवर बोलण्याची पाळी तुमच्याकडेच राहते. मेक्सिकोत ऐकू आलं नाही तर 'मान्दे?' म्हणतात, तेही घ्या.

घरी तासाच्या आधी २० मिनिटं पुरतात. विषय आधी मागून घ्या, दहा शब्द काढा, वाक्यं लिहू नका. लिहिली की वाचली जातात. त्याच विषयावर फोनमध्ये दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. तासानंतर शिक्षकाने लिहिलेल्या दुरुस्त्यांतल्या फक्त तीन उचला आणि पुन्हा तीच दोन मिनिटं बोला. दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. 'तेंगो'च्या जागी 'मे' आलं की कानाला लगेच खटकेल.