‘आपली माणसं’ ग्रुप : एनबीए बास्केटबॉलमधली सॅक्रामेंटो किंग्ज टीम हरली त्या दिवशी, एप्रिल २०२५

मंदार (सॅक्रामेंटो): संपलं. घरच्या कोर्टवर १२०-१०६. तेही डॅलसकडून, ज्यांनी फेब्रुवारीत लुका डॉन्चिचसारखा स्टार दुसऱ्या टीमला दिला त्यांच्याकडून 🙏 सीझन ४०-४२. आज कोणी फोन करू नका

नाना काका (ठाणे): हार-जीत चालायचीच. किंग्जचे मालक विवेक रणदिवे आपल्या मुंबईचे, जुहूचे. बोलताना भान ठेवावे.

केतकी (फ्रीमाँट): आम्ही मंगळवारीच मेम्फिसला हरवून प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत 😌 गो वॉरियर्स

मंदार: केतकी तू गप. नाना, जुहूचे म्हणून काय ओवाळू का? आपल्या कोच माइक ब्राउनने २०२३ला १६ सीझननंतर प्लेऑफ दाखवली, कोच ऑफ द इयर झाला, आणि डिसेंबरमध्ये सलग ५ हरल्यावर हाकलला, मग आपला स्टार फॉक्स गेला सॅन अँटोनिओला, आला कोण तर लवीन, आधीच डीरोझन आहे, दोघं शिकागोत एकत्र खेळून काही झालं नव्हतं ते इथे होणारे? धड पॉइंट गार्डच नाही, बॉल आणायचा कोणी

सुलभा मावशी: हापूस पेट्यांसाठी नावं द्या. देवगड. उद्यापर्यंतच 🥭

श्री (पुणे): किंग्ज २०१९ला मुंबईत वरळीला इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन मॅच खेळले, दोन्ही हरले, मी होतो तिथे. लक्षणं तेव्हाच दिसत होती 😂

मंदार: त्याच पेसर्सना पुढे आपला गार्ड हॅलिबर्टन पण दिला. आणि २०१८ला ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडताना दुसरा नंबर हातात असून लुका सोडून बॅगली घेतला!!

नाना काका: रणदिवे मुंबईचे आहेत. परदेशात जाऊन टीम घेणं सोपं नाही.

केतकी: काका हे झालं सांगून

श्री: नानांना तो बीम आवडलाय म्हणून 😄 जिंकल्यावर सोडतात तो जांभळा झोत, त्यांना पोलिसांचा सर्चलाइट वाटलेला

नाना काका: एकदाच वाटला. दोन पेट्या लिही सुलभा.

मीनल वहिनी: प्रसाद भाऊजी, सीझन तिकिटांचे अर्धे पैसे राहिलेत. सहज आठवण 🙂

प्रसाद (फॉल्सम): वहिनी हे ग्रुपवर कशाला

मीनल वहिनी: पर्सनलवर तीनदा टाकलं, ब्लू टिक आहे

प्रसाद: देतो. पण डीरोझनचा जर्सी घ्यायला लावणारा मंदारच, तो कोण घेणार परत

मंदार: मॅकनेअर पण गेला आत्ता!! किंग्जचा जीएम, जनरल मॅनेजर. एका सीझनमध्ये कोच, स्टार, जीएम तिघंही

नाना काका: मालक आहेत ना जागेवर.

मंदार: तेच तर म्हणतोय मी नाना 😡