बटलर, व्हॅलेट, डाउएजर : मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न :
आईला सध्या 'डाउनटन ॲबी' ही इंग्लंडमधल्या एका सरदार घराण्याची आणि त्यांच्या नोकरांची मालिका दाखवतेय. तिला इंग्रजी वाचता येतं, पण त्या मालिकेतले उच्चार पकडता येत नाहीत. म्हणून शेजारी बसून मी मराठीत सांगत जाते. बटलर, व्हॅलेट आणि डाउएजर या तीन शब्दांशी दरवेळी अडते. तिथला बटलर कार्सन, त्याला 'मुख्य नोकर' म्हटलं की त्याचा सगळा रुबाबच जातो. वाड्यांमधले जुने शब्द माहीत असलेल्यांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद :
बटलर म्हणजे खानसामा, व्हॅलेट म्हणजे हुजऱ्या, डाउएजर म्हणजे राजमाता. झालं की!

प्रतिसाद :
तिन्ही शब्द जवळचे आहेत, पण तिन्ही ठिकाणी मला थोडं थांबावंसं वाटतं.

खानसामा म्हटलं की आज स्वयंपाकीच डोळ्यांपुढे येतो. डाउनटनचं स्वयंपाकघर मिसेस पॅटमोरचं आहे. तिथे कार्सनसुद्धा जपून बोलतो. बटलर हा शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधल्या बाटलीवरून आलाय. बटलर म्हणजे मद्याचं कोठार सांभाळणारा. कार्सन वाइनचा हिशेब वहीत ठेवतो आणि पहिल्याच सीझनमध्ये थॉमस नावाचा नोकर बाटल्या चोरतो, तेव्हा घाव थेट कार्सनच्या पदावर बसतो. आपल्या दरबारी व्यवस्थेत अठरा कारखाने होते. त्यात मुदपाकखाना वेगळा आणि पिण्याचं पाणी, पेयं सांभाळणारा आबदारखाना वेगळा. म्हणजे अर्थाने बटलरचा सख्खा भाऊ आबदार! पण हा शब्द आता कोणाच्या तोंडात नाही, आईंना तो समजावत बसलात तर प्रसंग निघून जाईल. बटलर मराठीत रुळलाय, तोच ठेवा. आबदाराची गोष्ट जेवताना सांगा.

हुजऱ्या अर्थाने अगदी अचूक. मालकाचे कपडे काढून ठेवणारा, सतत हुजुरात असणारा. पण आपण 'हुजरेगिरी' हा शब्द इतका वापरलाय की हुजऱ्या म्हटलं की लाळघोट्या माणूस दिसतो. मालिकेतला व्हॅलेट बेट्स तसा नाही. तो बोअर युद्धात घराचा मालक अर्ल ग्रँथम याच्याबरोबर होता (अर्ल हा सरदारकीचा किताब), पायाने अधू आहे आणि कोणापुढे वाकत नाही. 'खिजमतगार' म्हणा, त्याला अजून शिवीचा वास लागलेला नाही. (उच्चार 'व्हॅलिट'. 'व्हॅले' आपल्याला पार्किंगमुळे ठाऊक.)

राजमाता मात्र नको. व्हायोलेट राजघराण्यातली नाही. ती मागच्या अर्लची विधवा. आताच्या अर्लची बायको कोरा हीसुद्धा काउंटेसच, म्हणून दोघींत फरक दाखवायला डाउएजर. हा फरक आपण किती सहज करतो : थोरल्या बाईसाहेब आणि धाकट्या बाईसाहेब. डाउएजरच्या मुळाशी 'डाउअर', म्हणजे विधवेच्या निर्वाहासाठी काढून ठेवलेला वाटा. आपल्याकडे सरदार घराण्यांत बायकांना चोळीबांगडीसाठी गाव तोडून देत, त्याच जातीची ही सोय. व्हायोलेट राहते ते डाउअर हाउस त्यातलंच.

पण ताई, खरी मेख या तीन शब्दांत नाही. ती हाक मारण्यात आहे, आणि तिथे मराठी इंग्रजीपेक्षा सरस ठरते. इंग्रजीत 'यू' एकच, सगळ्यांना. त्यामुळे पायरी दाखवायचा भार नावावर येतो. घरची माणसं 'कार्सन' म्हणतात, खालची नोकरमंडळी 'मिस्टर कार्सन'. घराची व्यवस्था पाहणारी ह्यूज आणि स्वयंपाकीण पॅटमोर दोघी अविवाहित, तरी 'मिसेस', कारण ती पदाची मिसेस आहे. स्वयंपाकघरातली पोर डेझी सगळ्यांची नुसती डेझी. अर्लच्या मुलींना 'लेडी मेरी', 'लेडी ईडिथ', म्हणजे नावासकट मान, आपल्या ताईसाहेब, अक्कासाहेबांसारखा. त्यांच्या आईला, कोराला, मात्र 'लेडी ग्रँथम', तिथे नाव नाही.

आता हे बघा. थॉमस फुटमन, म्हणजे पंगतीत वाढणारा गडी, असतो तोवर थॉमस. पुढे तो व्हॅलेट होतो आणि 'बॅरो' होतो. आपल्याला वाटेल, नाव जाऊन आडनाव आलं म्हणजे दुरावा आला. तिथे ती बढती आहे. ब्रॅन्सनचं उलट. ड्रायव्हर असताना घरचे त्याला 'ब्रॅन्सन' म्हणतात, अर्लची मुलगी सिबिलशी लग्न झाल्यावर तो 'टॉम' होतो आणि नोकरांसाठी 'मिस्टर ब्रॅन्सन'. एक नावावरून आडनावावर गेला, दुसरा आडनावावरून नावावर आला, आणि दोघंही वर चढले! हे शब्दशः सांगितलंत तर आई गोंधळतील. क्रियापदावर सोपवा. थॉमसला 'ये', बॅरोला 'या'. ब्रॅन्सनला 'गाडी काढ', टॉमला 'बसा जावईबापू'.

आणि घरातली दासी ॲना प्रेमात पडल्यावरही बेट्सला 'मिस्टर बेट्स' म्हणत राहते, तिथे बिनधास्त 'अहो' वापरा. आईंना काही समजावावं लागणार नाही.

प्रश्नकर्ती :
'अहो' काल वापरलं. आई गालात हसली. 'या' मात्र मी विसरले आणि बॅरोला पुन्हा 'ये' म्हणून बसले, आता सुधारेन. पण तिचा एक प्रश्न राहिलाच : टायटॅनिकमध्ये ग्रँथमचा वारस बुडाला, पोटी तीन मुलीच, मग यांनी दत्तक का नाही घेतला? 'एन्टेल'ला काय म्हणू?

प्रतिसाद :
आईंचा प्रश्न मला फार आवडला, मराठी माणसाला तो पडणारच. उत्तर असं की १९१२ मध्ये इंग्लंडच्या कायद्यात दत्तकच नव्हता. तो १९२६ साली आला, आणि त्यानंतरही दत्तक मुलाला सरदारकीचा किताब मिळत नाही. तिथे वारसा रक्ताचा, विधीने लावलेला नव्हे. साताऱ्याच्या छत्रपतींनी घेतलेला दत्तक डलहौसीने १८४८ साली राज्याचा वारस म्हणून मानला नाही आणि राज्य खालसा केलं, हे आपण शाळेत शिकलो. ते वाचताना मला मालिकेतला हा पेच नेहमी आठवतो.

एन्टेलला एका शब्दात काही म्हणू नका. 'वतन' म्हणाल तर सरकारची चाकरी आली, ती इथे नाही. सरळ सांगा : 'ही इस्टेट विकता येत नाही, वाटता येत नाही, ती पुरुष वारसाकडेच जाते.' म्हणून मँचेस्टरचा वकील मॅथ्यू, ज्याला या घरात कोणी ओळखतही नव्हतं, तो अचानक वारस ठरतो.

तिथे एक शब्द मात्र आईंना नक्की सांगा. कोरा अमेरिकेहून भरपूर पैसा घेऊन आली होती आणि लग्नाच्या वेळी तो पैसा याच इस्टेटीला कायमचा जोडला गेला. मुलींना त्यातलं काही देता येत नाही म्हणून ती तळमळते. तो पैसा म्हणजे हुंडा. स्त्रीधन म्हणू नका, कारण स्त्रीधनावर बाईचा स्वतःचा हक्क राहतो, इथे तो उरला नाही.