‘द यलो वॉलपेपर’ गावच्या वाचनकट्ट्यावर कशी घ्यावी?

माडाखाली: कुडाळजवळ बायकांचा वाचनकट्टा, बारा-पंधरा जणी. शार्लट पर्किन्स गिलमनची ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) मराठीत वाचायची आहे, वेळ दीड तास. कथेत नवरा बायकोला विश्रांतीसाठी एका खोलीत ठेवतो आणि तिला भिंतीवरच्या पिवळ्या कागदामागे एक बाई दिसू लागते. चर्चा ‘बाधा होती की वेड?’ यातच अडकेल अशी धास्ती वाटते. सोबत मराठीतलं काय घ्यावं?

तळकोकणी: कथा साधारण सहा हजार शब्दांची, वाचायला पाऊण तास. कापू नका. कात्री नेहमी वॉलपेपरच्या वर्णनांवर चालते आणि मग शेवट नुसती भुताची गोष्ट होतो.

वाचताना एकच काम द्या: नवरा बायकोबद्दल किंवा तिच्याशी बोलला की पेन्सिलीने खूण. तो डॉक्टर, तिचा भाऊही डॉक्टर. नवरा तिला लहान मुलीसारखं चुचकारतो, तिच्या शंकेला हसतो. नातेवाइकांना सांगतो, विशेष काही नाही, तात्पुरतं नैराश्य, थोडी हिस्टेरियाची छटा. खिडक्यांना गज, पलंग जमिनीला ठोकलेला, आणि तिचं लिहिणं चोरून. इथे भगत नाही, शिकलेला नवरा आहे, हे आधीच बोला. नाहीतर ‘अडाणी होते म्हणून’ असं कुणीतरी म्हणणारच.

सुरंगी: अडचण दुसरीच येईल. कथेतली बाई बाळंतीण. आपल्याकडे सव्वा महिना खोली, तेल, शेक, अळिवाची खीर. एखादी विचारेलच, ‘मग तिका काय धाड भरली?’ रास्त प्रश्न आहे. त्या काळचे अमेरिकन डॉक्टर सायलस वीअर मिचेल यांचा ‘रेस्ट क्युअर’ (सक्तीच्या विश्रांतीचा उपचार) वरवर तसाच: सहा-आठ आठवडे अंथरूण, भरपूर दूध, मालिश, शिवाय विजेचे उपचार. पण आपल्या बाळंतिणीपाशी आई असते, बाळ असतं. तिथे घरच्यांपासून तोडायचं आणि वाचन-लेखन बंद. गिलमनने १८८७ मध्ये हा उपचार घेतला. घरी पाठवताना सल्ला मिळाला की बुद्धीचं काम दिवसाला दोनच तास आणि लेखणी जन्मात हातात धरायची नाही. हेच मिचेल थकलेल्या पुरुषांना रानात तंबू ठोकून राहायला सांगत! हे दोन्ही सल्ले फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

तळकोकणी: मराठीतून ह. ना. आपटे यांची कादंबरी ‘पण लक्षात कोण घेतो?’. १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. तिची नायिका यमू स्वतःच बोलते, म्हणून केशवपनाचा भाग तिच्या शब्दांत मिळतो. ‘जेन एअर’ या इंग्रजी कादंबरीत (१८४७) उलट, माडीवर कोंडलेल्या बर्थाची हकीकत सांगतो तिचा नवराच. बर्थाची बाजू जीन ऱ्हीसने ‘वाइड सारगासो सी’ कादंबरीत लिहिली ती थेट १९६६ मध्ये. एका बैठकीत तीनही नको, यमूची चार-पाच पानं पुरेत.

सुरंगी: बायका स्वतःचं बोलू लागतील, तेव्हा कट्ट्यावर निदान करू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ नंबर आधीच लिहून ठेवा, फुकट आहे. बाळंतपणानंतरचं रडू दोन आठवड्यांत ओसरलं नाही तर आरोग्य केंद्र गाठायला सांगा.

माडाखाली: नवऱ्याचे संवाद कुणी वाचायचे?

तळकोकणी: एकीनेच, आणि मायेने. खाष्ट वाचले तर तो सरळ खलनायक होतो नि सगळ्या जणी सुटतात.