कोकम तेलाचं मलम रवाळ का होतंय?

अबोली_क
टाचांच्या भेगांसाठी मलम करतेय. वजनाने कोकम तेल ५० ग्रॅम, खोबरेल ३० ग्रॅम, मेण २० ग्रॅम. उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात वितळवून डब्यांत ओतते आणि ओट्यावरच निवू देते. दोन दिवस गुळगुळीत असतं, मग रवा धरतो. शिवाय नखाने खरवडून काढावं लागतं. लावल्यावर तासाभरात त्वचा पुन्हा ओढल्यासारखी वाटते, ते वेगळंच. हेच चेहऱ्याला चालेल का?

साबणशाळा
रवाळ झालं म्हणजे खराब झालं असं नाही. कोकम तेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं. हे तेल ४० अंशांच्या आसपास वितळतं. मिश्रण सावकाश निवलं की स्टिअरिकचा हा कडक भाग आधी वेगळा गोठतो, कढवलेल्या तुपासारखा. तुपात तो हवाच असतो, मलमात नको.

आधी मेण वितळवा, मग कोकम तेल घाला आणि ७५ अंशांवर २० मिनिटं ठेवा. जुना एक कण जरी शिल्लक राहिला तरी त्याच्याभोवती पुन्हा रवा जमतो. मग भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून सतत ढवळा. कडा पांढुरक्या झाल्या की लगेच ओता आणि डबे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. नंतर उन्हाच्या खिडकीत ठेवलेत तर अर्धवट वितळून सगळी मेहनत वाया.

मेण फारच झालंय. कोकम २५, तिळाचं तेल ६५, मेण १० करून बघा. तीळ न भाजलेले हवेत, नाहीतर वास जात नाही. खोबरेल २४-२५ अंशांना गोठतं, त्यामुळे मलमाचा पोत हवामानाप्रमाणे बदलत राहतो.

माका
त्वचा ओढते कारण तेल पाणी देत नाही, असलेलं अडवतं. कोरड्या टाचेवर लावलं तर अडवणार काय? रात्री पाय १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टिपा, ओलसर असतानाच मलम लावून सुती मोजे घाला. टाच फार जाड असेल तर मलमाखाली १० टक्के युरियाचं क्रीम लावा. भेगांतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर घरगुती प्रयोग नकोत, डॉक्टरांना दाखवा.

मलमात गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर मात्र घालू नका. पाणी वेगळं होतं आणि बुरशी येते.

चेहऱ्याला हे नको, मेणाचा थर जड होतो. मुरुमं येत असतील तर खोबरेलही टाळा. करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल घ्या, दोन्हींत लिनोलेइक आम्ल भरपूर असतं. बाटलीवर ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं नको, त्यात हे आम्ल कमी असतं. ओल्या चेहऱ्यावर ३-४ थेंब पुरतात.

घाणा_७२
करडईचं तेल लवकर खवट होतं. छोटी बाटली आणा, अंधारात ठेवा. त्यात मेडिकलमधली व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून उपयोग नाही. तिच्यात बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असतं, ते तेलाचा खवटपणा रोखत नाही. नुसतं टोकोफेरॉल (ॲसिटेट नसलेलं व्हिटॅमिन ई) मिळालं तर १०० ग्रॅमला पाव ग्रॅम.

आणि कोकम तेल गावाकडचं, मुठीने वळलेलं असेल तर ते बिया पाण्यात उकळून काढलेलं असतं, ओल राहते. आधी एकटंच तापवा, बुडबुडे थांबले की फडक्यातून गाळा.

अबोली_क
थर्मामीटर नाही. तापाचा चालेल?

साबणशाळा
नाही, तो ४२च्या आसपासच संपतो. मेण पूर्ण विरघळल्यावर उकळत्या पाण्यावर आणखी २० मिनिटं ठेवा, तेवढं पुरे.