मदत हवी आहे: गोल्फ स्टिकच्या ग्रिप गुळगुळीत झाल्यात

मंडळी, मामांचा जुना गोल्फ सेट सध्या जळगावला माझ्याकडे आहे. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे, त्यात सेट पत्र्याच्या खोलीत! रबरी ग्रिप चिकट झाल्या होत्या. कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण टाकून मऊ ब्रशने घासल्या, टोकाच्या छिद्रावर बोट धरून, म्हणजे पाणी दांड्यात जाणार नाही. काळंकुट्ट पाणी निघालं. मग सावलीत वाळवल्या. मळ गेला, पण अंगठ्याच्या जागची चकाकी तशीच, हात सटकतो. तिथे बारीक पॉलिश पेपर हलका फिरवला तर चालेल का? शेजारचे काका म्हणतात पेट्रोलने पूस. रबराचं वाटोळं होईल, ते नकोच. आणि बदलायच्याच झाल्या तर जळगाव-धुळ्यात कोणी बसवून देतं, की नाशिकच गाठावं? दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून घरी कोणी बसवल्या असतील तर ग्रिप सरळ कशी बसवायची तेही सांगा.