टीपी (टाउन प्लॅनिंग स्कीम) पडली म्हणजे जमीन गेली असं नाही हो

वर कोणीतरी म्हटलंय की बडोद्यात टीपी स्कीम म्हणजे फुकटात जमीन लाटायची सोय. अर्धंच खरं आहे ते. सरकारी भूसंपादनात सगळी जमीन जाते, टीपीत मात्र गुजरातच्या १९७६ च्या कायद्याप्रमाणे सगळ्यांची वेडीवाकडी शेतं नकाशावर एकत्र करतात, त्यातून रस्ते, बाग, शाळा आणि ऑथॉरिटीने (शहर विकास प्राधिकरणाने) विकायचे प्लॉट काढतात आणि उरलेलं चौकोनी करून मालकालाच परत. कपात ४० टक्क्यांच्या आसपास जाते, टोचते खरी, पण आत अडकलेल्या शेताला रस्ता लागतो त्याचा भाव पण धरा ना.

ज्यांची जमीन आहे त्यांनी आधी एफ फॉर्म (स्कीममधल्या प्लॉटांच्या हिशेबाचा तक्ता) बघा, भाषणं नंतर. एकाच ओळीत जुन्या प्लॉटचं क्षेत्रफळ, पुढे फायनल प्लॉटचं (म्हणजे परत मिळणाऱ्या चौकोनी प्लॉटचं), आणि पैशांचं देणंघेणं. चूक दिसली तर स्कीमचा ड्राफ्ट जाहीर झाल्यापासून महिन्याभरात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. दांडिया बाजारात उभं राहून शिव्या घातल्यानी प्लॉट सरकत नाही (आमचे काका अजून तेच करतात).

माझा राग वेगळाच आहे. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठावर बांधकामं होऊ देतात, मग २०२४ च्या ऑगस्टसारखं पाणी घरात शिरतं, त्यावर बोला की कोणीतरी.